परदेशात कुणी आपणहून बोलायला आलं, तर काय करावं?

बँकॉकच्या ग्रँड पॅलेसबाहेर चालणारी फसवणूक इतकी जुनी आहे की प्रवासाच्या जवळपास प्रत्येक पुस्तकात तिचं वर्णन सापडतं. तरीही ती रोज कुणावर तरी चालते. इस्त्रीचा शर्ट घातलेला, गळ्यात ओळखपत्रासारखं काहीतरी अडकवलेला एक गृहस्थ हसत पुढे येतो. "इंडिया? नमस्ते!" मग चेहरा जरा गंभीर करून सांगतो, की आज धार्मिक कार्यक्रम आहे, राजवाडा दुपारपर्यंत बंद. पण वाईट वाटून घेऊ नका, आज एका देवळात मोठी उभी बुद्धमूर्ती बघता येईल, टुकटुकवाला (तिथला रिक्षावाला) २०-४० बाथमध्ये (बाथ म्हणजे थायलंडचं चलन) सगळं फिरवून आणेल. टुकटुक अर्थातच शेजारीच उभी असते. देवळात 'योगायोगाने' दुसरा एक सभ्य माणूस भेटतो आणि गप्पांच्या ओघात सांगतो, की रत्नांवरची सरकारी सवलत आज संपतेय. मी स्वतः इथून खडे नेऊन परदेशात दामदुप्पट किमतीला विकतो, असंही तो म्हणतो. फेरी संपते ती रत्नांच्या दुकानात. तिथे मिळणारे खडे काचेचेच असतील असं नाही, पण हलक्या प्रतीचे असतात आणि किंमत कैकपट लावलेली असते. टुकटुकवाल्याला गिऱ्हाईक आणल्याबद्दल दुकानाकडून कमिशन किंवा पेट्रोलचं कूपन मिळतं, म्हणून भाडं इतकं स्वस्त.

या सगळ्यात जबरदस्ती कुठेच नाही. दोन अनोळखी माणसांनी सांगितलेल्या दोन गोष्टी आपण न तपासता मान्य केल्या, एवढंच घडलं. म्हणून सावध राहायचं म्हणजे सगळ्यांवर संशय घ्यायचा असं नाही. तसं केलं तर प्रवासाची मजाच जाते. काही ठरावीक क्षणी थांबायची सवय लावायची, ती कशी ते पुढे देतो.

१. घर सोडण्याआधीची तयारी

पैसे एका जागी ठेवू नका. दिवसभराच्या खर्चाचे पैसे वरच्या खिशात किंवा छोट्या पाकिटात, बाकीची रोकड आणि दुसरं कार्ड वेगळीकडे. २०२० पासून आपल्याकडच्या नवीन कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंदच असतात, ते बँकेच्या ॲपमधून सुरू करावे लागतात. सुरू करताना मर्यादाही लावून टाका. एटीएमची मर्यादा दिवसाच्या गरजेपुरती ठेवली की कार्ड गेलं तरी नुकसान तेवढंच होतं. भारतातलं सिम निदान एसएमएस येतील इतपत चालू ठेवा, नाहीतर बँकेचा इशारा तुम्हाला घरी परतल्यावर दिसेल.

पासपोर्ट, व्हिसा आणि विम्याची छायाप्रत मोबाइलमध्ये आणि कागदावर, दोन्हीकडे हवी. भारतीय दूतावासाचा आणि बँकेचा नंबर कागदावर लिहा. मोबाइलच चोरीला गेला तर मोबाइलमधला नंबर काय कामाचा?

आणि एक काम जे बहुतेक जण करत नाहीत: विमानतळ ते हॉटेल किती पैसे पडतात, ते आधी शोधून ठेवा. खरा भाव माहीत असलेल्या माणसाला लुबाडणं फार कठीण असतं. बँकॉकच्या टॅक्सीचं मीटर ३५ बाथपासून सुरू होतं. सुवर्णभूमी विमानतळावर यंत्रातून चिठ्ठी घेऊन अधिकृत टॅक्सी मिळते, तिथे मीटरवर ५० बाथ जास्त आणि टोल वेगळा द्यावा लागतो. हे वाढीव पैसे रीतसर आहेत, त्यावरून वाद घालू नका. चालक म्हणाला "मीटर बिघडलंय", तर उतरा. पॅरिसमध्ये विमानतळ ते शहर टॅक्सीचं भाडं सरकारनेच ठरवून दिलेलं आहे. आगमन कक्षातच "टॅक्सी? टॅक्सी?" करत जो मागे लागतो, त्याच्या गाडीत कुठल्याच देशात बसू नये.

२. आधी कोण बोललं?

प्रवासात रस्ता विचारावा लागतो, मदत घ्यावी लागते. ती खुशाल घ्या, पण माणूस तुम्ही निवडा. औषधाच्या दुकानातली बाई, मेट्रोचा कर्मचारी, लेकराला घेऊन चाललेलं जोडपं. तुम्ही अचानक ज्याला गाठलंत, त्याच्याकडे तुम्हाला फसवायची योजना तयार नसते. उलट पर्यटनस्थळाच्या दारात, स्टेशनच्या तिकीट यंत्रापाशी किंवा एटीएमजवळ जो स्वतःहून मदतीला येतो, त्याने गर्दीतून तुम्हाला निवडलेलं असतं. कशासाठी, हा प्रश्न मनात यायला हवा.

आता या नियमाला बगल देण्यासाठीच जणू बेतलेली एक युक्ती इस्तंबूलमध्ये चालते. बूटपॉलिशवाला तुमच्या पुढून चालत जातो आणि त्याचा ब्रश खाली पडतो. त्याला कळलेलं दिसत नाही. तुम्ही हाक मारता, ब्रश उचलून देता. तो भारावून जातो, आभार म्हणून बूट पुसून देतो म्हणतो आणि पुसता पुसता गावाकडच्या आजारी मुलाची कथा सांगतो. शेवटी पैसे मागतो, तेही भरपूर. इथे आधी बोललात तुम्ही! काही शहरांत कपड्यांवर सॉस किंवा पक्ष्याची घाण पडते, लगेच एक दयाळू माणूस रुमाल घेऊन पुसायला येतो आणि तेवढ्यात पाकीट जातं. म्हणून नियमाला एक पुस्ती जोडायला हवी: तुमच्या समोर किंवा अंगावर अचानक काही घडलं, की आधी पाकीट आणि बॅग धरायची, मग काय झालं ते बघायचं. ब्रश द्यायचाच तर द्या, पण तिथे थांबू नका.

३. सांगितलेली गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी बघा

"बंद आहे", "संप आहे", "तुमचं हॉटेल रद्द झालंय", "हे तिकीट चालणार नाही". या वाक्यांचा उद्देश तुमचा ठरलेला बेत मोडणं हा असतो, कारण बेत मोडला की माणूस दुसऱ्याच्या हाती लागतो. ग्रँड पॅलेस एरवी रोज सकाळी साडेआठला उघडतो आणि दुपारी साडेतीनपर्यंत तिकीट मिळतं. राजघराण्याच्या समारंभासाठी कधी बंद असला, तर ते त्याच्या संकेतस्थळावर दिसतं. तेव्हा वाद न घालता चालत मुख्य दरवाजापर्यंत जा. हॉटेलबद्दल कुणी काही सांगितलं तर हॉटेलला तुम्ही फोन करा. त्याने लावून दिलेल्या फोनवर बोलू नका, पलीकडे त्याचाच साथीदार असू शकतो.

४. हातात काही घेऊ नका, हात देऊ नका

पॅरिसमध्ये सॅक्रे-कर चर्चच्या पायऱ्यांजवळ काही तरुण बोलता बोलता मनगटावर रंगीत दोरा बांधतात. एकदा गाठ बसली की पैसे दिल्याशिवाय सुटका नाही. हात खिशात घालून चाला. सीन नदीकाठी कुणीतरी पायाजवळून 'सोन्याची' अंगठी उचलतं आणि तुमचीच का विचारतं. मग ती तुमच्या हातात देऊन पैसे मागतं, पण ती पितळेची असते. मूकबधिरांच्या नावाने सह्या मागणारा कागद पुढे आला, तर सही करायला थांबूच नका, कारण कागदाखालून दुसऱ्याचा हात तुमच्या बॅगेत असू शकतो. आयफेल टॉवरजवळ वाट्यांखाली गोळी लपवण्याचा खेळ चालतो. त्यात जिंकणारे सगळे त्याच टोळीचे असतात. फुकट ते पौष्टिक ही म्हण या प्रवासात घरीच ठेवलेली बरी.

५. पाकीट उघडायला लावणाऱ्यांपासून सावध

युरोपातल्या काही शहरांत साध्या कपड्यातले दोघं ओळखपत्र चमकवतात, पोलीस आहोत म्हणतात आणि नकली नोटा तपासायच्या म्हणून पाकीट मागतात. खरा पोलीस तुमचा पासपोर्ट बघू शकतो, रस्त्यात उभं राहून तुमच्या नोटा मोजत नाही. शांतपणे म्हणा, "पोलीस ठाण्यात चला, तिथे दाखवतो." युरोपीय संघात तातडीचा क्रमांक ११२ आहे, आपल्याकडचाच, त्यामुळे लक्षात राहतो. फोन हातात घेतल्यावर खोटे पोलीस सहसा पांगतात.

याचंच गोड रूप म्हणजे आपणही पर्यटक आहोत असं सांगणारं कुटुंब. "तुमची नोट कशी दिसते हो? मुलाला बघायचीय." नोटा हातात घेऊन ते कौतुकाने चाळतात आणि परत देतात तेव्हा दोन-तीन कमी झालेल्या असतात.

६. एकत्र बसू या म्हणणारा मित्र

एकट्याने फिरणाऱ्या पुरुषांनी हे नीट वाचावं. इस्तंबूलच्या तकसीम भागात कुणी लायटर मागतो, आपणही दुसऱ्या गावचा पाहुणा असल्याचं सांगतो आणि एका ओळखीच्या जागी नेतो. शांघाय, बीजिंगमध्ये इंग्रजीचा सराव करायचाय म्हणणारे विद्यार्थी चहाघरात नेतात. बिल येतं तेव्हा ते अव्वाच्या सव्वा असतं आणि दाराशी दोन दांडगे उभे असतात. गप्पा मारायच्या असतील तर जागा तुम्ही निवडा, गजबजलेली, आणि दर छापलेलं मेनूकार्ड आधी मागा. त्याने त्याच्याच जागेचा हट्ट धरला, तर उत्तर मिळालंच.

७. भाड्याच्या गाडीला पासपोर्ट गहाण नको

थायलंडमधल्या पटाया आणि फुकेतच्या किनाऱ्यावर भाड्याने घेतलेली जेट-स्की (पाण्यावरची स्कूटर) परत केली की मालक जुना ओरखडा दाखवून भरपाई मागतो, आणि पासपोर्ट त्याच्याकडे असतो. हवं तर अनामत रक्कम द्या, पासपोर्ट नको. चालवण्याआधी चारही बाजूंनी व्हिडिओ काढा, त्यात मालकाचा आवाजही येऊ द्या. तो व्हिडिओला नाही म्हणाला तर दुसरीकडे जा.

८. नाही म्हणायचा सराव करा

भीड भिकेची बहीण, असं आपल्याकडे म्हणतात. फसवणारा आपल्या सभ्यतेवरच जगतो. त्याच्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही तर उद्धट दिसू, ही भीती सोडा. थांबायचं नाही, कारण द्यायचं नाही. "टाइम नाही" म्हणालात तर तो "फक्त दोन मिनिटं" म्हणतो. "हॉटेलवर जायचंय" म्हणालात तर तो सोडायला येतो. "नो, थँक यू" एवढंच, चालता चालता. ग्रुप टूरबरोबर गेलेल्या ज्येष्ठांनी टूर मॅनेजरने दिलेल्या मोकळ्या तासात तरी दोघांनी मिळून फिरावं. खरेदीच्या वेळी शेजारचा माणूस "कशाला हवंय?" विचारायला असला, की रत्नांची बरीच दुकानं मागे राहतात.

९. फसलात, तर त्याच दिवशी

हाणामारीची शक्यता दिसली तर पैसे द्या आणि बाहेर पडा. मग बिलाचा, दुकानाच्या पाटीचा आणि गाडीच्या नंबरचा फोटो काढा. थायलंडमध्ये पर्यटक पोलिसांचा नंबर ११५५, तिथे इंग्रजीत बोलता येतं. कार्डावर व्यवहार झाला असेल तर आधी ॲपमधून कार्ड बंद करा आणि मग बँकेला कळवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार तुमचा काही हलगर्जीपणा नसताना झालेला अनधिकृत व्यवहार तीन कामाच्या दिवसांत कळवला, तर भार तुमच्यावर येत नाही. पिन तुम्हीच कुणाला सांगितला असेल तर मात्र कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, म्हणून तासाभराचाही उशीर करू नका. विम्यासाठी आणि पासपोर्टसाठी पोलिसांच्या तक्रारीची प्रत लागते, ती घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका. पासपोर्ट गेला असेल तर ती प्रत, छायाप्रत आणि फोटो घेऊन भारतीय दूतावासात जा. लगेच परतायचं असेल तर तिथे इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं. ते फक्त भारतात येण्यापुरतंच चालतं, त्यामुळे पुढे आणखी एखाद्या देशात जायचा बेत असेल तर अर्ज करतानाच तसं सांगा आणि नवीन पासपोर्ट मागा.