मुलाला वर्गमित्रांना शिकवायला बसवताना

तीनच मित्र, पंधरा मिनिटं, एकच उदाहरण: १/२ + १/३. बडोद्यात काही मुलं गुजराती माध्यमाची असतील, तरी अडत नाही. अपूर्णांक, अंश, छेद हे शब्द दोन्हीकडे तेच.

प्रत्येकाला १२ सेंमीच्या कागदी पट्ट्या द्या. १२ च का? अर्धा ६, तृतीयांश ४, दोन्ही पूर्ण आकडे. १० सेंमीची पट्टी केलीत तर तृतीयांशाला सगळे अडकतात.

कोणीतरी २/५ म्हणणारच, कारण तो अंशात अंश, छेदात छेद मिळवतो. इथे शिकवणारं मूल हमखास “चूक!” म्हणून पेन्सिल हिसकावतं आणि स्वतःच सोडवून मोकळं होतं. पेन्सिल शिकणाऱ्याच्याच हातात राहील, हा नियम आधीच ठरवा. प्रत्येक प्रश्न विचारल्यावर शिकवणाऱ्याला मनात दहा अंक मोजायला सांगा. २/५ उत्तर आलं की त्याने एवढंच विचारायचं: “२/५ म्हणजे ४.८ सेंमी. नुसता अर्धाच ६ आहे ना रे?” तो पट्ट्या जोडून मोजतो. १० सेंमी, म्हणजे ५/६.

“समजलं का?” विचारू नये, सगळे हो म्हणतात. १/४ + १/३ करायला द्यावं.

मोठ्यांनी मध्ये बोलू नये. शिकवणारं मूल स्वतःच अडखळलं, तर ते नेमकं कुठे, ते टिपून ठेवा. उद्याचा अभ्यास तिथूनच.