अमेरिकेची बातमी वाचताना 'हे नक्की कोणाच्या हातात आहे' ते कसं ओळखायचं

अमेरिकेत अमुक गोष्टीवर बंदी आली अशी बातमी दिसली की आपण थेट राष्ट्राध्यक्षांना धरतो, आणि गडबड तिथेच होते. म्हणून आधी बातमीत राज्याचं नाव आहे का ते शोधा. लायसन्स, शाळा, मतदार नोंदणी, खुनाचे बहुतेक खटले, हे सगळं राज्यांकडे. १७९१ ची दहावी घटनादुरुस्ती सांगते की जे अधिकार केंद्राला दिले नाहीत आणि राज्यांना नाकारलेही नाहीत ते राज्यांचे किंवा जनतेचे. लष्कर, चलन, परराष्ट्र धोरण केंद्राचं, तिथे फार डोकं लावू नका.

मग पैसा कोण देतंय ते बघा, खरी गंमत इथे आहे. दारूचे नियम राज्यं करतात ना, मग सगळीकडे वय २१ च कसं? तर १९८४ मध्ये काँग्रेसने, म्हणजे त्यांच्या संसदेने, सांगितलं की २१ च्या खालच्यांना दारू विकत घेऊ दिलीत तर हायवेच्या निधीतून थोडा भाग कापू. साऊथ डकोटात १९ वर्षांच्या पोरांना ३.२ टक्केवाली बीअर मिळायची, ते राज्य कोर्टात गेलं आणि १९८७ ला सुप्रीम कोर्टात हरलं, का तर एवढीशी कपात म्हणजे काही बळजबरी नाही. पण २०१२ मध्ये ओबामांच्या आरोग्य कायद्यावर तेच कोर्ट म्हणालं की मेडिकेड, म्हणजे गरिबांसाठीची सरकारी आरोग्य योजना, वाढवलं नाही म्हणून राज्याचा त्या योजनेचा आधीपासूनचा सगळा निधी रोखणं ही मात्र बळजबरीच. थोडक्यात आमिष चालतं, गळा आवळणं चालत नाही.

कधीकधी दोन्ही कायदे एकदम लागू असतात, तेव्हा गोंधळू नका. कोलोरॅडोच्या मतदारांनी २०१२ मध्ये गांजाला परवानगी दिली, केंद्राच्या कायद्यात तो गुन्हाच राहिला, तरी दुकानं उघडली कारण केंद्राचा कायदा राबवायला राज्याच्या पोलिसांना जुंपता येत नाही.

शेवटी राज्याचा स्वभाव बघा. डॅनियल एलाझार या अभ्यासकाने १९६० च्या दशकात तीन प्रकार मांडले: सरकार म्हणजे सगळ्यांच्या भल्याचं काम मानणारी मिनेसोटासारखी राज्यं, राजकारणाकडे धंद्यासारखं बघणारी न्यू जर्सीसारखी, आणि जुनी उतरंड जपणारी मिसिसिपीसारखी. मिनेसोटात १९७० च्या दशकापासून मतदानाच्या दिवशीच नाव नोंदवता येतं, ते या स्वभावाशी जुळतं. पण ही लेबलं फेव्हिकॉलने चिकटवू नका, लोक राज्यं बदलतात, आणि टेक्सासमध्ये तर एलाझारलाच दोन प्रकारांची सरमिसळ दिसली होती.

सरावाला किमान वेतन घ्या. केंद्राचा दर २००९ पासून ताशी ७.२५ डॉलर, राज्याला त्याच्या वर जायची मोकळीक आहे, टेक्सास तिथेच थांबलं आणि वॉशिंग्टन राज्य कुठल्या कुठे गेलं, आता वरचे प्रश्न याला लावून बघा.