पंपाचा स्पेअर ओळखायचा कसा? मेंटेनन्समध्ये नव्याने आलेल्यांसाठी

डिप्लोमा करून केमिकल प्लांटच्या मेंटेनन्सला लागलेली मुलं एक गोष्ट हमखास करतात. पंप उघडला, खराब भाग हातात आला की व्हर्नियर लावायचा, मापं वहीत लिहायची आणि इंडेंट (स्टोअरकडे भागाची मागणी) टाकायचा. मापं घ्यायचीच, पण सगळ्यात शेवटी. झिजलेला भाग आजचं माप सांगतो, मूळचं नाही. वेअर रिंग (इंपेलर आणि केसिंगमधली फट लहान ठेवणारी कडी) तर झिजण्यासाठीच बसवलेली असते. तिच्यावरून नवी करून घेतली, तर पैसे नव्या रिंगचे आणि गळती जुन्याच रिंगची.

सुरुवात नेमप्लेटपासून करा. हेड (द्रव किती उंच चढवतो), डिस्चार्ज (किती द्रव देतो), आरपीएम हे सगळं तिथे असतं, पण आपल्याला मुख्यतः हवा असतो सिरीयल नंबर. एकाच मॉडेलचे शेजारी-शेजारी लावलेले दोन पंप वेगळ्या मटेरियलचे, वेगळ्या सीलचे असू शकतात. कोणता पंप काय घालून कारखान्याबाहेर पडला, हे कंपनी या नंबरावरूनच काढते. अडचण अशी की शटडाऊनमध्ये पेंटर नेमप्लेटसुद्धा सोडत नाही. अशा प्लेटवर वायर ब्रश मारू नका, उरलेसुरले आकडेही जातात. थिनरचा बोळा फिरवा आणि टॉर्च तिरपा धरा.

साइज वाचताना जरा थांबा. पंपांच्या आयएसओ २८५८ मानकाप्रमाणे ६५-४०-२०० म्हणजे सक्शन (द्रव आत येण्याचं तोंड) ६५ मिमी, डिलिव्हरी (बाहेर जाण्याचं तोंड) ४० आणि इंपेलरचा, म्हणजे द्रव फेकणाऱ्या पात्यांच्या चाकाचा, व्यास नाममात्र २००. काही कंपन्या फक्त ४०-२०० लिहितात, तिथे ४० म्हणजे डिलिव्हरी. यातलं ‘नाममात्र’ फार महत्त्वाचं. कारखान्यातच ड्यूटीप्रमाणे, म्हणजे किती हेड-डिस्चार्ज हवा त्याप्रमाणे, इंपेलर लेथवर उतरवलेला (कातून लहान केलेला) असतो. समजा, मूळ पूर्ण व्यास २०९ आणि तुमच्या पंपात १९० चा आहे. तुम्ही नुसतं मॉडेल लिहून इंपेलर मागवलात आणि २०९ चा आला. व्यास दहा टक्के वाढला की हेड साधारण २१ टक्के आणि पॉवर ३३ टक्के वाढते. मग मोटर ट्रिप होते आणि सगळे इलेक्ट्रिकलवाल्यांच्या मागे लागतात. इंडेंटमध्ये हा लेथवर उतरवलेला व्यास स्वतंत्र लिहा.

आता बेअरिंग. इथे भलेभले फसतात. ६३०९ चं माप ४५ × १०० × २५. ७३०९ चंही तेच, एनयू ३०९ चंही तेच! पहिलं डीप ग्रूव्ह बॉल, दुसरं अँग्युलर कॉन्टॅक्ट, तिसरं रोलर. बऱ्याच पंपांत थ्रस्टच्या (शाफ्टच्या दिशेने येणारा रेटा झेलणाऱ्या) बाजूला ७३०९ ची जोडी पाठीला पाठ लावून बसवलेली असते. नंबर पुसला गेला असेल आणि दुकानदाराने माप घेऊन ६३०९ दिलं, तर ते घरात चपखल बसतं. पंप चालतोही, आणि थोड्याच दिवसांत बेअरिंग हाउसिंग हात लावू देत नाही. म्हणून नंबराच्या मागची अक्षरंही टिपून घ्या. उदाहरणार्थ सी३ (आत नेहमीपेक्षा जास्त मोकळीक) राहून गेलं तर आतली क्लिअरन्स बदलते.

मेकॅनिकल सील म्हणजे शाफ्टच्या बाजूने होणारी गळती अडवणारा भाग. त्यात शाफ्टचं माप हा सोपा भाग. त्यातही आयात केलेल्या पंपांत पावणेदोन इंची शाफ्ट असतो, म्हणजे ४४.४५ मिमी. त्याला ‘४५ च आहे’ म्हणून सोडू नका. खरी मेख ओ-रिंगमध्ये आहे. काळी ओ-रिंग काळीच दिसते, मग तिचं रबर नायट्राइल असो, ईपीडीएम असो की व्हिटॉन. ईपीडीएम तेलात फुगते, व्हिटॉन गरम कॉस्टिक सोड्यामध्ये टिकत नाही. त्यामुळे पंपात काय वाहतंय आणि किती तापमानाला, हे प्रॉडक्शनच्या माणसाला प्रत्यक्ष विचारा. डेटाशीट पंप घेतला त्या दिवसाची असते, नंतर लाइनमधलं प्रॉडक्ट कितीदा बदललं हे तिला माहीत नसतं.

मटेरियलचंही तसंच. चुंबक लावून ‘एसएस (स्टेनलेस स्टील) आहे’ म्हणणारे भेटतील. चुंबक एसएसच्या ३०४ आणि ३१६ या ग्रेडमधला फरक दाखवत नाही, आणि ३१६ च्या जातीचं सीएफ८एम कास्टिंग चुंबकाला थोडं ओढतंसुद्धा. कास्टिंगवर उठवलेली अक्षरं शोधा. नसतील तर मॉलिब्डेनमची टेस्ट करून घ्या, ते ३१६ मध्ये असतं, ३०४ मध्ये नसतं.

भागाचं नावही प्रत्येक जण वेगळं सांगतो. फिटर ‘बुश’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात स्लीव्ह (शाफ्टवर चढवलेली नळी) असू शकते. म्हणून क्रॉस सेक्शनल ड्रॉइंगवरचा नंबर द्या. जर्मन पद्धतीच्या ड्रॉइंगमध्ये शाफ्ट २१०, इंपेलर २३०, मेकॅनिकल सील ४३३, केसिंग वेअर रिंग ५०२, शाफ्ट स्लीव्ह ५२४. हे चार-पाच पाठ झाले तरी निम्मी फोनाफोनी वाचते.

लोकल मेकबद्दल माझं मत विचाराल तर स्लीव्ह, कपलिंगचे रबर, ग्लँड बिनधास्त घ्या. इंपेलर मात्र नमुन्यावरून ओतून घेऊ नका. ओतीव धातू थंड होताना आकसतो, आणि पाती जराशी बदलली तरी हेड मिळत नाही. डबल सक्शनच्या (इंपेलरच्या दोन्ही बाजूंनी द्रव ओढणाऱ्या) पंपात फिरण्याची दिशाही लिहा, ड्राइव्हच्या बाजूने पाहून घड्याळाप्रमाणे की उलट. असा इंपेलर शाफ्टवर उलटाही बसतो, आणि मग पात्यांचा बाक चुकीच्या दिशेला येतो.

माल आला की पॅकिंग स्टोअरमध्येच फोडा, जुना भाग शेजारी ठेवून ताडून पाहा आणि पंपाचा टॅग नंबर (प्लांटमधला त्याचा ओळख क्रमांक) लिहूनच रॅकवर चढवा. नवा भाग बसून पंप लोडवर चालेपर्यंत जुना भंगारात जाऊ देऊ नका.