पायाच्या धमनीची अँजिओप्लास्टी झाल्यानंतर घ्यायची काळजी

पायाची अरुंद झालेली धमनी फुग्याने किंवा स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी) बसवून मोकळी केली, तरी तिला अरुंद करणारा आजार शरीरात राहतोच. म्हणून घरी आल्यावरची काळजी हा उपचाराचाच भाग समजावा. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल (दोन्ही रक्ताची गुठळी रोखणाऱ्या) किंवा कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी बरे वाटू लागले म्हणून अथवा दात काढायचा आहे म्हणून परस्पर बंद करू नये, कारण त्याने स्टेंटमध्ये गुठळी होण्याचा धोका वाढतो. विडी-सिगारेट पूर्ण सोडावी, तंबाखू आणि मिश्रीसुद्धा. याहून मोठे पथ्य नाही असे मी ठामपणे म्हणेन.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर शिवाजी पार्कभोवती किंवा मरीन ड्राइव्हच्या सपाट पदपथावर चालावे. पोटरी बऱ्यापैकी दुखेपर्यंत चालायचे, कट्ट्यावर बसून दुखणे थांबू द्यायचे आणि पुन्हा निघायचे, असे ३० ते ४५ मिनिटे, आठवड्यातून किमान ३ दिवस.

रोज रात्री चांगल्या उजेडात तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. मधुमेह असल्यास यात खंड पडू देऊ नये. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून यावे लागलेच, तर घरी पोहोचताच पाय साबणाने धुऊन बेचक्या कोरड्या कराव्यात. गार पायांना गरम पाण्याची पिशवी लावू नये, कारण बधिर त्वचेला भाजल्याचे कळत नाही.

पाय अचानक गार, पांढराफटक किंवा बधिर पडला, तर मालीश करत सकाळची वाट पाहू नये. १०८ वर फोन करून रक्तवाहिन्यांवर शस्त्रक्रिया होते अशा रुग्णालयात तातडीने जावे, कारण पाय वाचवण्यासाठी हाती मोजकेच तास असतात.