रक्तदाबासाठी अन्नातील पेप्टाइड्स : निवड आणि पडताळणी

प्रथिने पचताना किंवा आंबताना त्यांच्या लांब साखळ्या तुटतात आणि मोजक्या अमिनो आम्लांचे जे छोटे तुकडे सुटे होतात, त्यांना पेप्टाइड्स म्हणतात. यांतील काही तुकडे शरीरातील 'एसीई' नावाच्या विकराला (एन्झाइमला) अडवतात. हे विकर अँजिओटेन्सिन-१ पासून रक्तवाहिन्या आकसवणारे अँजिओटेन्सिन-२ तयार करते आणि त्या सैल ठेवणाऱ्या ब्रॅडिकायनिनची वाटही लावते. कॅप्टोप्रिलसारखी रक्तदाबाची औषधे याच विकरावर काम करतात, आणि कॅप्टोप्रिलची वाट तर ब्राझीलमधील एका सापाच्या विषात सापडलेल्या पेप्टाइड्सनी दाखवली होती. एवढ्यावरून अन्नातील पेप्टाइड्सना औषध समजू नये. त्यांतील बरीचशी पोटात आणखी तुटून जातात, म्हणून परीक्षानळीत दिसलेली ताकद रक्तात उतरेलच असे नाही.

सर्वाधिक अभ्यास झाला आहे तो दुधातील केसीन या प्रथिनापासून मिळणाऱ्या दोन त्रिपेप्टाइड्सचा, म्हणजे तीन अमिनो आम्लांच्या तुकड्यांचा : व्हॅलिन-प्रोलिन-प्रोलिन आणि आयसोल्यूसिन-प्रोलिन-प्रोलिन. लॅक्टोबॅसिलस हेल्वेटिकस हा जिवाणू दूध आंबवताना ती तयार करतो. जपानमधील चाचण्यांत रक्तदाब काही अंकांनी उतरल्याचे दिसले, युरोपातील चाचण्यांत परिणाम त्याहून फिका होता, आणि युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१२ मध्ये या दाव्याला पुरेसा आधार नसल्याचे मत दिले. त्यामुळे अपेक्षा माफक ठेवूनच प्रयोग करावा.

उत्पादन घेताना 'पेप्टाइडयुक्त' या मोठ्या अक्षरांकडे न पाहता, दिवसाच्या मात्रेत या दोन त्रिपेप्टाइड्सचे नेमके किती मिलिग्रॅम आहेत हे वेष्टनावर शोधावे. तो आकडाच नसेल तर ते घेण्यात अर्थ नाही. आंबवलेले प्रत्येक दूध यासाठी चालते असेही नाही, कारण जिवाणूची जात बदलली की तुकडेही बदलतात. मीठ आणि साखर तपासावी. खारवलेले चीज पेप्टाइड्ससाठी खाणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय. दुधाची ॲलर्जी असलेल्यांनी केसीनपासून बनवलेली, तर माशांची ॲलर्जी असलेल्यांनी माशांपासून बनवलेली पेप्टाइड्स टाळावीत. गर्भवती स्त्रिया, मूत्रपिंडाचे रुग्ण आणि आधीच रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नये.

आपल्याला फरक पडतो का, हे दंडावर पट्टा बांधण्याच्या यंत्राने घरीच पाहता येते. सुरुवातीआधी सात दिवस सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकवून, पाय जमिनीवर व दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे. त्याआधी अर्धा तास चहा, कॉफी वा धूम्रपान नसावे. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून उरलेल्यांची सरासरी काढावी. मग रोज तीच मात्रा घेत आठ आठवड्यांनी पुन्हा असाच आठवडा मोजावा. या काळात मीठ कमी केले, वजन घटवले किंवा गोळ्यांची मात्रा बदलली, तर श्रेय कोणाचे हे कळणार नाही. पण केवळ प्रयोग शुद्ध राहावा म्हणून मीठ कमी करणे पुढे ढकलू नये, कारण त्याचा उपयोग कितीतरी अधिक खात्रीचा आहे.

सरासरी हलली नसेल तर उत्पादन बंद करावे. ती उतरली तरी गोळी स्वतःहून कमी न करता नोंदवही डॉक्टरांना दाखवावी. मधल्या काळात आकडा १८०/१२० च्या वर गेला आणि छातीत दुखणे, धाप लागणे, अंधूक दिसणे किंवा बोलताना अडखळणे यांपैकी काही जाणवले, तर दुसऱ्या मोजणीची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे.