पुण्याचं ऑफिस, गावातली लाईन आणि दाराला अडकवलेला दुपट्टा

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याजवळच्या आमच्या खेड्यात बसून मी पुण्यातल्या एका सीए ऑफिसचं जीएसटीचं काम करते. यंदा चौथं वर्ष सुरू आहे. एम.कॉम. झालं, लग्न होऊन इथं आले, आणि कॉलेजच्या एका मैत्रिणीच्या ओळखीनं हे काम मिळालं. आता आसपासच्या गावांतल्या मुली विचारतात, "ताई, घरून काम जमते का वं?" जमतं. पण पहिल्या वर्षी मला बरंच काही ठेचा खाऊन कळलं, ते तुम्हाला आधीच माहीत असावं म्हणून लिहितेय.

या कामात महिना तारखांवरून उलटा मोजावा लागतो. ७ तारखेला टीडीएस, म्हणजे पैसे देताना आधीच कापून ठेवलेला कर, भरायचा. मागच्या महिन्याच्या विक्रीचं विवरण, म्हणजे जीएसटीआर-१, हे ११ तारखेपर्यंत. खरेदीवर भरलेल्या कराचं किती क्रेडिट, म्हणजे वजावट, मिळतं ते दाखवणारं २बी हे पत्रक १४ तारखेला तयार होतं, आणि कर भरून ३बी हे महिन्याचं रिटर्न २० तारखेपर्यंत. म्हणजे २बी हातात आल्यावर खरेदीची बिलं जुळवायला जेमतेम सहा दिवस उरतात, आणि त्यात बहुतेक वेळा एखादा रविवार असतो.

पहिल्या वर्षीच्या जूनमध्ये मी तीन पार्ट्यांचं, म्हणजे ऑफिसच्या ग्राहकांचं, ३बी २० तारखेच्या संध्याकाळवर ठेवलं होतं. पाच वाजता वादळ सुटलं, तारांवर झाड पडलं आणि डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, गेली. लॅपटॉप चालू होता, पण नेट नाही. रात्री मोबाईलची रेंजही गेली. दुसऱ्या दिवशी ह्यांनी मला गाडीवर दारव्ह्याला नेलं, तिथं बसून तिन्ही रिटर्न भरले. दर रिटर्नला दिवसाचे ५० रुपये लेट फी लागली, त्यात २५ केंद्राचे आणि २५ राज्याचे, शिवाय राहिलेल्या करावर वर्षाला १८ टक्क्यांच्या हिशेबानं व्याज. रक्कम फार नव्हती. पण सरांनी फोनवर एवढंच विचारलं, "जूनमध्ये तुमच्याकडं लाईन जाते हे तुला माहीत होतं ना?" मला उत्तर देता आलं नाही.

तेव्हापासून माझी ११ तारीख ८ ला येते आणि २० तारीख १७ ला. कालनिर्णयवर लाल पेनानं गोल केलेत आणि सरकारी तारखा मी पाहतही नाही. पार्ट्यांनाही माझीच तारीख सांगते. दुकानदार बिलांचे फोटो रात्री दहाला पाठवतो, तर पाठवू द्या. ते उघडायचे मात्र ठरल्या वेळी. मी सकाळी अकरा आणि दुपारी चार अशा दोनच वेळी उघडते. दर फोटोला हातातलं काम सोडून धावलात, तर जुळवणीत कुठवर आला होतात ते शोधण्यातच दिवस जातो.

लाईनबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण नव्या मुली इथंच फसतात. सगळ्याजणी लॅपटॉपच्या बॅटरीचा विचार करतात, पण लाईन गेल्या क्षणी राउटर बंद पडतो हे कोणी ध्यानात घेत नाही. राउटरसाठी छोटा बॅटरी बॅकअप मिळतो. बहुतेक राउटर १२ व्होल्टचे असतात, तरी आपल्या ॲडॉप्टरवर छापलेला आकडा पाहूनच घ्या. दुसऱ्या कंपनीचं सिमकार्ड ठेवा आणि घरात ते कुठं पकडतं ते शांत दिवशीच फिरून पाहून ठेवा. आमच्याकडं ते माडीवरच्या खिडकीत पकडतं, खालच्या खोलीत अजिबात नाही. आणि नेटशिवाय करता येतील अशी कामं वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. मी दर सोमवारी खरेदीची यादी एक्सेलमध्ये उतरवून घेते. लाईन गेली की ती उघडते आणि कोणाचं बिल आलं नाही ते पाहून एकेकाला फोन लावते. पूर्वी हाच वेळ मी "कधी येते लाईन?" म्हणत ओसरीत बसून घालवत होते.

दिवसाची आखणी मी वावराकडून घेतली. मे महिन्यात आमच्याकडं कोणी दुपारी वावरात राबत नाही. पहाटे जातात, अकराच्या आत परत येतात. मीही डोकं लागणारं काम, म्हणजे २बीची जुळवणी, सकाळी सहा ते दहामध्ये उरकते. दुपारी पारा ४४-४५ ला गेलेला, कुलर घोंघावतोय, अशा वेळी आकडे जुळवायला बसलं की चुका होतात. तेव्हा फोटोंना नावं देणं, एन्ट्री करणं अशी हातची कामं. मीटिंग असली तर तेवढा वेळ कुलर बंद, नाहीतर पुण्यातल्यांना माझ्याऐवजी कुलरच ऐकू येतो.

पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं विश्रांती अशी एक पद्धत तुम्ही ऐकली असेल. फ्रान्चेस्को चिरिलो या इटालियन माणसानं १९८०च्या दशकाच्या शेवटी विद्यार्थी असताना टोमॅटोच्या आकाराच्या स्वयंपाकघरातल्या घड्याळावर ती सुरू केली, म्हणून तिचं नाव पोमोडोरो, म्हणजे इटालियनमध्ये टोमॅटो. एन्ट्रीला ती छान चालते. जुळवणीला मला पंचवीस मिनिटं अपुरी पडतात, म्हणून मी पन्नास मिनिटांनी उठते, माठातलं पाणी पिते आणि परत बसते.

सगळ्यात अवघड गेलं ते घरच्यांना समजावणं. "घरीच त असते तू, दोन मिनिटं ये नं वं," असं शेजारच्या काकू दिवसातून चारदा म्हणायच्या. सासूबाईंनाही, म्हणजे आईंनाही, वाटायचं, ही मोबाईलवर बसते तशीच लॅपटॉपवर बसते. मी रागावून पाहिलं, उपयोग झाला नाही. मग खोलीच्या कडीला लाल दुपट्टा अडकवायला लागले. दुपट्टा आहे तोवर हाक मारायची नाही, काढला की मी घरची. आणि संध्याकाळी आईंना वही वाचून दाखवायला लागले: आज ३२ बिलं चढली, चार पार्ट्यांचं जुळलं, एकाचं अडलं. त्यांनी आयुष्यभर वेचणीच्या बायांचा कापूस काट्यावर मोजून घेतलाय. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याच म्हणाल्या, "म्हंजे तुयंबी वजनावरच हाय." त्यानंतर दुपट्टा असताना काकू आल्या की आईच त्यांना ओसरीत बसवतात, आणि माझा चहा आवाज न करता खिडकीत ठेवून जातात.

ऑफिसलाही आपण दिसत नाही, हे विसरू नका. "काम चालू आहे सर" यातून समोरच्याला काहीच कळत नाही. मी रोज संध्याकाळी सहाला तीन ओळी पाठवते: काय झालं, काय अडलं, कोणामुळं अडलं. सुट्टीही लवकर मागा. पोळा पुण्याच्या ऑफिसच्या यादीत नसतो आणि कापसाच्या पहिल्या वेचणीच्या सीतादहीच्या पूजेची तर तिथं कोणाला कल्पनाही नसते. मी महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच सांगून ठेवते आणि त्या दिवसाचं काम आधी ओढून घेते. आजवर कोणी नाही म्हटलं नाही.

तीन ओळी गेल्या की लॅपटॉप बंद आणि दुपट्टा खुंटीवर. वेचणीच्या दिवसांत तोवर बाया गाठोडी घेऊन अंगणात आलेल्या असतात. आई काटा धरतात, आकडा मोठ्यानं सांगतात, आणि मी नावासमोर किलो लिहून घेते.