‘येत नही’च्या आधी ‘आजून’

चाळीसगाव-पारोळ्याकडच्या शाळांत वीस वर्षं शिकवतोय. नव्या शिक्षकांना पहिली गोष्ट सांगतो: गरीब घरचं पोर ‘कच्चं’ आहे, असं मनात धरून वर्गात पाऊल टाकू नका. पोरांना ते लगेच कळतं.

तिसरीतली एक मुलगी पाटीवर १८ + २३ मांडताना अडली. हातचा विसरून ३११ लिहिलं. मी पाटी बाजूला ठेवली. “आईनं सकाळी अठरा किलो कापूस वेचला, दुपारी तेवीस. मुकडदम किती लिहील?” “एक्केचाळीस!” क्षणात. मग ते एकेचाळीस पाटीवर कसं उतरतं, एवढंच शिकवायचं उरलं. आधी पोराला काय येतं ते शोधा, तिथून पुढे चला.

अहिराणीत बोललं तर टोकू नका. “माले येत नही” म्हणालं, तर त्याच्याच बोलीत एक शब्द घाला: “माले आजून येत नही.” शाबासकी देताना ‘हुशार’ म्हणू नका. काय केलं ते सांगा: “हातचा आठवणीनं घेतलास.” आणि काम सोपं करून देऊ नका, दया दाखवून आपण पोराचं नुकसानच करतो.

दिवाळीनंतर घरं ऊसतोडीला जातात. जाण्याआधी शिक्षण हमी पत्रक, म्हणजे तिकडच्या शाळेत पोराला बसता यावं म्हणून आपली शाळा देते तो कागद, हातात द्या, पालकांना ते समजावून सांगा. परतल्यावर “कुठे होतास?” असं दरडावू नका. त्याची जागा, त्याची वही तशीच ठेवलेली दिसू द्या.